जुना स्टर्मी-आर्चर हब: पारखून घ्या, जपून उघडा

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला बनलेला स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब, म्हणजे मागच्या चाकाचा पोटात गिअर असलेला तुंबा, आपल्याकडे मुख्यतः जुन्या रॅले सायकलींबरोबर आला. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात असं चाक दिसलं की आधी हबवरची अक्षरं वाचा. चिखल आणि तेलाचा थर असेल तर रॉकेलात भिजवलेल्या चिंधीनं पुसा. पॉलिश पेपर मात्र लावू नका, कारण ठसा उथळ असतो आणि तोच या वस्तूचा जन्मदाखला.

‘एडब्ल्यू’ हे सगळ्यात जास्त दिसणारं मॉडेल, १९३६ पासूनचं. शेजारी ५८ आणि ६ असे आकडे असतील तर शेल, म्हणजे हबचं बाहेरचं कवच, जून १९५८ चं. पण ही तारीख फक्त शेलची. आतलं यंत्र कुणी बदललेलं असू शकतं. सुरुवातीच्या हबांवर स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचं दातेरी चक्र, आट्यांवर चढे. पुढे तीन खाचा आणि बाहेरून सर्क्लिप (स्प्रिंगसारखी अडकणारी तारेची कडी) अशी रचना आली. चाळीसच्या दशकातल्या शेलवर तीन खाचांचा ड्रायव्हर, म्हणजे स्प्रॉकेट बसतं तो भाग, दिसला, तर आतलं यंत्र नंतरचं आहे असं धरून किंमत करा.

खरी दुर्मीळ मॉडेलं म्हणजे ‘एफडब्ल्यू’ हा चार गिअरचा आणि ‘एएससी’ हा तीन गिअरचा फिक्स्ड हब. ‘एएससी’मध्ये पाय थांबवता येत नाहीत. स्प्रॉकेटच्या तुलनेत त्याच्या चाकाचे वेग १००, ९० आणि ७५ टक्के. पन्नाशीच्या दशकातला ‘एसडब्ल्यू’ संग्रहाला छान, पण चालवायला नको. त्याचे कुत्रे (आतल्या दात्यांत अडकून चाक ओढणारे छोटे खटके) नीट पकडत नाहीत आणि जोर लावताना पाय सुटतो.

चाक सुटं असलं तरी गिअर तपासता येतात. रिमवर आणि स्प्रॉकेटवर खडूनं खूण करा. ॲक्सलमधून बाहेर येणारी, गिअर बदलणारी बारीक साखळी ढिली असताना स्प्रॉकेटचे ३ फेरे दिले की एडब्ल्यूचं चाक ४ फेरे फिरलं पाहिजे. साखळी पूर्ण ओढून धरली तर ४ फेऱ्यांना ३. अर्धवट ओढलेली असताना दोन्ही बरोबर फिरतात. ही साखळी, ॲक्सलची मूळ नट आणि तेलाच्या भोकाचं टोपण जागेवर आहेत ना, हे आवर्जून पाहा. ॲक्सलचा आटा १३/३२ इंच, इंचाला २६. नेहमीच्या दुकानात मिळणारी ३/८ इंची नट त्यावर बसत नाही, आणि ठोकून बसवली की ॲक्सल गेलाच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हब सुटा करण्यासाठी स्पोक कापू नका. उजवीकडची बॉल रिंग, म्हणजे शेलमध्ये आट्यांनी बसणारी छर्‍यांची कडी, वर्षानुवर्षांत इतकी घट्ट बसते की ती सोडवताना शेल पकडायला रिमचाच आधार लागतो. सुटा शेल शिकंजात धरला तर त्याच्यावर ओरखडे उठतात, कधी तो चेपतोही. म्हणून चाक अखंडच विकत घ्या. आधी डावीकडची लॉकनट आणि कोन (छर्‍यांवर टेकणारी शंकूच्या आकाराची नट) काढा. मग बॉल रिंगच्या खाचेत बोथट पंच तिरका टेकवून हातोडीनं डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेनं मारा. त्याआधी रिंग आणि शेल दोन्हींवर एका रेषेत खूण करा. हा आटा दोन सुरुवातींचा आहे, म्हणजे रिंग दोन वेगवेगळ्या जागांपासून आत फिरू शकते. परत बसवताना दुसऱ्या सुरुवातीत अडकला तर चाक थोडं आउट होऊ शकतं.

रिंग सुटली की सगळं यंत्र एका गठ्ठ्यात बाहेर येतं. ते पांढऱ्या कापडावर ठेवा, कारण कुत्र्यांच्या स्प्रिंगा केसासारख्या बारीक असतात. खाण्याचं तेल घातलेल्या हबात चिकट पिवळा थर जमतो. तो कुत्र्यांना उघडू देत नाही, आणि हब ‘बाद’ ठरतो. बहुतेक वेळा रात्रभर रॉकेलात बुडवून ठेवलं, ब्रश फिरवला की तो जिवंत होतो. जोडताना उजवा कोन हातानं बसेल तितका घट्ट करून अर्धा फेरा मागे घ्या आणि लॉकनट आवळा. डावा कोन असा ठेवा की रिमपाशी किंचित हलका खेळ राहील. शेवटी टोपणातून चमचाभर पातळ मशिन तेल. घट्ट ग्रीस आत भरू नका, कुत्रे पुन्हा अडकतील.

गिअर लावताना साखळीची काडी (बारीक साखळी जिला जोडलेली असते ती, ॲक्सलमध्ये जाणारी) पूर्ण आत फिरवा आणि साखळी सरळ ओढली जाईल इतकीच, जास्तीत जास्त अर्धा फेरा, मागे घ्या. दुसरा गिअर टाकून उजव्या नटच्या खिडकीतून पाहा. काडीचा शेवट ॲक्सलच्या शेवटाशी समपातळीत हवा. तसा नसेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधल्या मोकळ्या जागेत हब सटकतो आणि पेडल एकदम रिकामं फिरतं. उभं राहून जोर लावणाऱ्याला यानं जबर लागतं.

पुढच्या चाकात डायनोहब, म्हणजे दिव्यासाठी वीज तयार करणारा हब, असेल, उदा. ‘जीएच६’, ६ व्होल्ट आणि २ वॅटचा, तर नियम वेगळा. हातानं फिरवताना लागणारे हलके झटके चुंबकाचे असतात, छर्रे खराब झाल्याचे नव्हेत. तारेचं वेटोळं चुंबकाच्या कड्यातून उघडं बाहेर काढू नका. काढावंच लागलं तर ते सरकत असतानाच त्याच्या जागी पोलादी गोल तुकडा आत जाऊ द्या. नाहीतर चुंबकाची ताकद कायमची उतरते आणि दिवा मिणमिणता राहतो.