मोठ्याचं मटण घरी शिजवताना: कुठला तुकडा, किती वेळ

मुंबईत दुकानात 'बीफ' मागितलं, 'बफ' मागितलं किंवा 'मोठ्याचं' मागितलं, तरी हातात पडतं ते म्हशीचं किंवा रेड्याचंच मटण. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हैसवर्ग त्या बंदीतून बाहेर आहे. स्वयंपाकाच्या दृष्टीने हे आधी लक्षात घ्यायचं, कारण परदेशी व्हिडिओतलं बीफ वेगळं असतं. त्या मांसात चरबीचे बारीक धागे आतपर्यंत विणलेले असतात आणि ते थंडीत काही दिवस मुरवलेलं असतं. आपल्याकडचं मटण गडद लाल, जाड धाग्याचं, आतून जवळजवळ बिनचरबीचं. चरबी असते ती बाहेरून, पांढरीशुभ्र. त्या व्हिडिओतली वेळ आपल्या कुकरला लावली की एक तर रबर होतो, नाही तर चोथा.

मसाला सगळ्यांचा चांगला असतो. पदार्थ फसतो तो तुकडा आणि वेळ यांचा मेळ न बसल्यामुळे.

दुकानात

रश्श्यासाठी मछली, नल्ली (पायाचा नळीच्या हाडाचा भाग), सीना (छाती) किंवा दस्ती (खांदा-पुढचा पाय) मागा. मछली म्हणजे पायाचा गोळीदार स्नायू, मध्ये पांढऱ्या शिरा असलेला. नवखी माणसं या शिरा बघून नाक मुरडतात आणि रानाचा, म्हणजे मागच्या मांडीचा, स्वच्छ लाल तुकडा घेतात. इथेच चूक होते. त्या शिरा दीर्घ उष्णतेने वितळून चिकट रस होतात आणि रश्श्याला अंग येतं. रानात वितळायला काही नसतं, म्हणून ते जास्त शिजवलं की नुसतं कोरडं होत जातं. मात्र स्नायूवरचा चकचकीत रुपेरी पापुद्रा, म्हणजे छिछडा, वेगळा. तो बराचसा तसाच चिवट राहतो, त्यामुळे खाटकाकडूनच काढून घ्या.

किलोभर मटणात पाऊण किलो बोनलेस आणि पाव किलो नल्लीची हाडं हे प्रमाण चांगलं बसतं. तुकडे दीड इंचाचे ठेवायला सांगा. शिजल्यावर वजन तिसऱ्या हिश्श्याने तरी घटतं, आणि लहान तुकडे कापले तर ताटात खिमाच येतो. चार-पाच माणसांना किलो पुरतं.

अंडरकट, म्हणजे पाठीच्या कण्याखालचा मऊ तुकडा, रश्श्यात घालू नका. महागही पडतो आणि वायाही जातो. तो तव्यावरचा तुकडा आहे.

रात्री-पहाटे कापलेलं मटण सकाळी दुकानात येतं, आणि 'ताजं' म्हणून लगेच शिजवलं की कधी कधी खूप चिवट लागतं. जनावर कापल्यावर काही तास स्नायू आखडलेले असतात, ते सैल व्हायला वेळ लागतो. शनिवारी आणून, झाकून, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि रविवारी शिजवा. फरक दातांना कळतो. आणल्या आणल्या फ्रीझरमध्ये टाकणं सगळ्यात वाईट. आखडलेलं मटण तसंच गोठतं आणि वितळताना आणखी आक्रसून पाणी सोडतं. गोठवायचंच असेल तर एक रात्र फ्रीजमध्ये ठेवून मग गोठवा. वितळवायचंही फ्रीजमध्येच. मुंबईच्या दमट हवेत ओट्यावर चार तास ठेवलेलं मटण आतून बर्फ आणि बाहेरून खराब व्हायच्या वाटेवर असतं.

रविवारचा रस्सा

एक किलो मटणाला लागणारं साहित्य: ४ मोठे कांदे (साधारण ४०० ग्रॅम), अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं, १५ लसूण पाकळ्या, २ इंच आलं, मूठभर कोथिंबीर, १ चमचा हळद, अडीच चमचे मीठ, ३ ते ४ चमचे घरचा मसाला, ३ मध्यम बटाटे, ४–५ आमसुलं, ५ मोठे चमचे तेल, तमालपत्र, ४ लवंगा, ८ मिरी, दालचिनीचा तुकडा. नुसतं 'चमचा' म्हटलंय तिथे चहाचा. तेल जास्त वाटेल, पण मटण बिनचरबीचं आहे. तेल कमी पडलं तर तर्री येत नाही.

मटण दोन पाण्यांत पटकन धुवा आणि चाळणीत २० मिनिटं निथळू द्या. पाण्यात भिजत ठेवायचं नाही. आलं-लसणाची निम्मी पेस्ट, हळद आणि सगळं मीठ चोळून तासभर ठेवा. 'आधी मीठ घातलं तर मटण कडक होतं' हे ऐकायला मिळेल. तसं होत नाही, उलट मीठ आत जातं. आधी मीठ न घातलेल्या मटणाचा रस्सा खारट आणि तुकडा अळणी लागतो.

कुकरमध्ये ३ मोठे चमचे तेल कडक तापवा, अख्खे मसाले आणि २ बारीक चिरलेले कांदे टाका. कांदा तांबूस झाला की काढून ठेवा आणि त्याच तेलात मटण दोन हप्त्यांत परता. एकदम सगळं टाकलं की पाणी सुटतं, मटण आपल्याच पाण्यात उकळायला लागतं, रंग राखाडी होतो आणि भाजल्याची चव येतच नाही. प्रत्येक हप्त्याला ५–६ मिनिटं, मोठी आच, आणि पहिली दोन मिनिटं चमचा लावायचा नाही. मग कांदा आणि हाडं आत, ३ वाट्या गरम पाणी, झाकण.

आता शिट्ट्या. शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा. मोठ्या आचेवर पाच मिनिटांत सहा शिट्ट्या होतात, मंद आचेवर वीस मिनिटांत एक. मटणाला शिट्टी कळत नाही. पहिली शिट्टी होऊ द्या, आच सगळ्यात बारीक करा आणि घड्याळ लावा: मछली, नल्ली, सीना ३५ ते ४० मिनिटं, दस्ती ३० मिनिटं, रान असेलच तर २०–२५. कोवळ्या जनावराचं मटण फिकट गुलाबी आणि बारीक धाग्याचं असतं, त्याला दहा मिनिटं कमी. कुकरात पाणी साधारण १२० अंशांपर्यंत जातं म्हणून हे काम एवढ्यात होतं. साध्या टोपात याच तुकड्यांना अडीच-तीन तास द्यावे लागतात.

वाफ आपोआप जाऊ द्या. चमच्याने शिट्टी उचलून वाफ काढली की आतला दाब एकदम पडतो, तुकड्यातला रस उकळून बाहेर येतो आणि मटण कोरडं पडतं.

झाकण उघडल्यावर एक तुकडा चमच्याने दाबा. पुढचं सगळं इथे ठरतं, म्हणून दोन प्रकारचा कडकपणा ओळखायला शिका. तुकडा चमच्याखाली उसळी मारतो, दाताला रबरासारखा लागतो? कमी शिजलाय, आणखी दहा मिनिटं द्या. तुकडा सुटतो, धागे वेगळे होतात, पण तोंडात चोथा फिरत राहतो? तो जास्त शिजलाय, किंवा तुकडा मुळातच चुकीचा होता. त्याला पुन्हा शिजवून काही होणार नाही. धागे सुटे करा आणि पुढे दिलेल्या फ्रायमध्ये वापरा. हे दोन्ही 'कडक' म्हणून एकाच खात्यात टाकले की माणूस चोथा झालेलं मटण आणखी शिजवत बसतो.

मटण शिजत असताना वाटण करून घ्या: उरलेले २ कांदे उभे चिरून कोरड्या तव्यावर भाजा, नंतर चमचाभर तेल सोडून तपकिरी करा, खोबरं वेगळं, मंद आचेवर बदामी. खोबरं आणि कांदा एकत्र भाजू नका, कांदा होईपर्यंत खोबरं जळतं आणि रस्सा कडू होतो. कोथिंबीर घालून गंधासारखं बारीक वाटा. हे वाटण कुकरात आधीपासून घालायचं नाही, तळाला लागतं. वेगळ्या पातेल्यात उरलेलं तेल तापवून उरलेली आलं-लसूण पेस्ट, मग वाटण, मग मसाला. कडेने तेल सुटेपर्यंत ८–१० मिनिटं परता. मटण आणि त्याचं पाणी ओता, बटाट्याच्या मोठ्या फोडी टाका, १५ मिनिटं उकळा. बटाटा शिजल्यावरच आमसुलं. आंबट आधी घातलं की बटाटा आतून कच्चा राहतो. शेवटची पाच मिनिटं मंद आच.

मसाला मालवणी घ्या, कांदा-लसूण घ्या, चालतं. वांद्रे-वसईकडच्या ईस्ट इंडियन, म्हणजे तिथल्या मूळच्या ख्रिस्ती, घरांतला बॉटल मसाला असेल तर खोबऱ्याचं वाटण वगळा. त्यात वीसपेक्षा जास्त जिन्नस आधीच भाजून कुटलेले असतात, खोबऱ्याखाली ते दबून जातात. किलोला ३ सपाट चमचे, थोड्या पाण्यात कालवून घाला. कडक तेलात कोरडा टाकला तर क्षणात करपतो. आमसुलाऐवजी मग व्हिनेगर.

पपईचं काय? कच्च्या पपईतला घटक वरवरचा भाग सैल करतो, आत फारसा पोचत नाही, आणि जास्त वेळ ठेवला तर वरून लगदा, आतून तसंच. कुकरच्या रश्श्याला पपई नको. कबाबाला किंवा तव्यावरच्या तुकड्याला किलोमागे २ मोठे चमचे वाटलेली पपई, तासभर, बस्स.

उरलेल्यातून चिली फ्राय

खरं तर यासाठी मुद्दाम अर्धा किलो जास्त शिजवावं: मोठे, मुठीएवढे तुकडे, मीठ-आलं-लसूण लावून रश्श्याच्याच वेळेत, वेगळ्या कुकरात. रात्रभर फ्रीजमध्ये गार होऊ द्या. गरम मटण सुरीखाली तुटतं, गार मटणाचे अर्ध्या सेंटिमीटरचे साफ काप पडतात. कापताना धागे कुठल्या दिशेने धावतात ते बघा आणि आडवे कापा. उभे कापलेत तर प्रत्येक घासात लांब दोऱ्या चावत बसाल.

लोखंडी तव्यात ३ मोठे चमचे तेल, ३ जाड चिरलेले कांदे, ६ उभ्या मिरच्या, आल्याच्या काड्या. कांदा करकरीत असतानाच काप टाका, २ चमचे बॉटल मसाला किंवा १ चमचा मिरपूड, अर्धी वाटी मटणाचं पाणी. मोठ्या आचेवर पाणी आटून मसाला चिकटला की दीड मोठा चमचा व्हिनेगर, ढोबळी मिरची, दोन मिनिटं, उतरवा. बरोबर कडक पाव. मऊ लादीपाव असेल तर तव्यावर भाजून घ्या.

अंडरकट आणलाच असेल तर शिजवलेल्या मटणाऐवजी तो वापरा. अर्धा-पाऊण तास फ्रीझरमध्ये ठेवून घट्ट करा, आडव्या पातळ पट्ट्या कापा, आणि धूर येणाऱ्या तव्यावर थोड्या थोड्या करून तीन मिनिटं. पाणी सुटलं तर तवा गार होता.

खिमा

खिमा समोर करून घ्या, आणि तुकडे आधी धुऊन. केलेला खिमा धुतला की चव आणि चरबी दोन्ही मोरीत जातात. अर्ध्या किलोला ५० ग्रॅम चरबी त्यातच टाकायला सांगा, नाहीतर खिमा वाळूसारखा सुटा होतो. आणल्या दिवशीच शिजवा. बारीक केल्यावर वरचे जंतू आतपर्यंत मिसळलेले असतात, त्यामुळे खिमा गुलाबी ठेवायचा नसतो.

दोन कांदे तांबूस, दीड मोठा चमचा आलं-लसूण, मग खिमा मोठ्या आचेवर, गुठळ्या फोडत. आधी पाणी सुटेल, ते पूर्ण आटून तेलाचा चरचर आवाज यायला १०–१२ मिनिटं लागतात; तोवर टोमॅटो घालू नका. मग २ टोमॅटो, हळद, २ चमचे तिखट, मोठा चमचा धणेपूड, मीठ. तेल सुटल्यावर वाटीभर गरम पाणी, झाकून मंद आचेवर २५ मिनिटं. वाटाणे शेवटच्या दहा मिनिटांत.

रस्सा असो वा खिमा, वाढताना कढत वाढा. म्हशीची चरबी लवकर थिजते आणि कोमट जेवणात टाळूला मेणासारखी चिकटते. उरलेला रस्सा दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. पंख्याखाली पसरट भांड्यात ओतला तर लवकर निवतो. सकाळी वर पांढरा थर दिसेल, ती चरबी. निम्मी काढली तरी चालेल. खालचा जेलीसारखा थरथरणारा भाग म्हणजे मछलीतल्या शिरांचा वितळलेला रस आहे, तो फेकू नका. गरम करताना थोडं पाणी घालून एक चांगली उकळी काढा, आणि लागेल तेवढाच गरम करा. दिवसातून तीनदा उकळलेल्या रश्श्यातला बटाटा विरघळतो.