परदेशात सेवा-शिक्षण घ्यायचंय? तयारी येऊरच्या पाड्यावर होते

ठाण्यातल्या एका कॉलेजात मी एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं काम बघते. निकाल लागले की मुलं हमखास विचारायला येतात, "मॅडम, व्हॉलंटिअरिंग करून परदेशात शिकता येतं का हो?" येतं. पण बऱ्याचदा त्यांच्या हातात एखाद्या एजंटचं पत्रक असतं: तीन आठवडे, अनाथाश्रम, समुद्रकिनारा, प्रमाणपत्र आणि भलीमोठी फी. ते आधी बाजूला ठेवा. ती सहल आहे, शिक्षण नाही.

सेवा-शिक्षण, म्हणजे सर्व्हिस लर्निंग, हा विद्यापीठाचा रीतसर विषय असतो. वर्गात तास होतात, जोडीला शाळेत, वृद्धाश्रमात किंवा वस्तीत काम करायचं आणि त्यावर लिहायचं. नुसते तास भरले म्हणून गुण मिळत नाहीत, त्या कामातून काय शिकलात ते दाखवावं लागतं. हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठात 2012 पासून पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला असा विषय घ्यावाच लागतो. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या तुलेन विद्यापीठाने 2005 च्या कत्रिना वादळानंतर लोकसेवा पदवीचीच अट केली. विद्यापीठ निवडताना असा विषय अभ्यासक्रमात आहे का, त्याला किती क्रेडिट आहेत, हे आधी बघा. एका सत्रासाठी एक्स्चेंजवर जायचं असेल तर आपल्या कॉलेजचा त्या विद्यापीठाशी करार आहे का ते विचारा. तिथले क्रेडिट इथे धरले जातील, हे विभागप्रमुखांकडून निघण्याआधी लेखी घ्या. तोंडी "होऊन जाईल" वर विसंबू नका.

आता खरी तयारी. एनएसएसमध्ये दोन वर्षांत 240 तास काम आणि सात दिवसांचं शिबिर असतं. हे तास रॅली, रांगोळी, वृक्षारोपण असे विखरून टाकलेत तर अर्जात लिहायला काही उरत नाही. एकच जागा धरा आणि वर्षभर तिथेच जा. येऊरचे आदिवासी पाडे आहेत, तीन हात नाक्याच्या पुलाखालची, सिग्नलवरच्या मुलांसाठीची सिग्नल शाळा आहे, तुर्भ्याच्या दगडखाणींजवळच्या वस्त्या आहेत, खाडीकाठची कांदळवनं आहेत. पहिले काही आठवडे काहीही "शिकवू" नका. ज्या संस्थेसोबत जाल तिथल्या ताईंच्या मागे फिरा, हजेरी लिहा, चटया उचला. लोकांना काय हवंय ते तेव्हाच कळतं.

आणि वही ठेवा. माझा सगळ्यात जास्त आग्रह या वहीसाठी आहे. "आज मुलांना गणित शिकवलं, खूप समाधान वाटलं" असली नोंद कुणाच्याच उपयोगाची नाही. माझी एक विद्यार्थिनी खाणीजवळच्या वस्तीत शनिवारी वाचनवर्ग घ्यायची. तिच्या वहीत एका पानावर होतं: "मोठ्या मुली आज आल्या नाहीत. टँकर सकाळऐवजी दुपारी आला, त्या हंड्यांच्या रांगेत होत्या. वर्गाची वेळ मी माझ्या लोकलप्रमाणे ठरवली होती." पुढच्या पानावर तिने आयांना विचारून वेळ बदलल्याची नोंद होती. तिच्या एसओपीचा, म्हणजे प्रवेशअर्जासोबतच्या निवेदनाचा पहिला परिच्छेद याच दोन पानांतून तयार झाला. काय दिसलं, ते तसं का, मी त्यावर काय बदललं, एवढं तिन्ही त्यात होतं. परदेशातल्या विषयातही आठवड्याच्या आठवड्याला असंच लिहावं लागतं, तेव्हा हात आधीच वळलेला बरा. लोकांची खरी नावं मात्र वहीतही लिहू नका आणि मुलांचे फोटो अर्जाला लावू नका.

कुठलाही कार्यक्रम पक्का करण्याआधी त्यांना मेल करून विचारा: हे काम स्थानिक लोकांनी मागितलंय का? विद्यार्थी नसतात तेव्हा ते कोण करतं? तिथे देखरेख कुणाची? तिथली भाषा किती यायला हवी? फीमधला किती वाटा त्या संस्थेला जातो? लहान मुलांसोबत काम असूनही पोलिस पडताळणी मागत नसतील, तर तिथे जाऊच नका. मुलांच्या सुरक्षिततेची फिकीर नसलेल्या ठिकाणी माझ्या विद्यार्थ्याने पाऊल टाकू नये, असं मला मनापासून वाटतं.

पैशांची अडचण असेल तर जर्मनीचा 'एफएसजे' हा वेगळा मार्ग बघा. हे सामाजिक सेवेचं वर्ष 27 वर्षांच्या आतल्यांसाठी असतं. बहुधा बारा महिने वृद्धाश्रम, रुग्णालय किंवा दिव्यांगांच्या संस्थेत पूर्णवेळ काम आणि वर्षात 25 दिवस सेमिनार. पगार नाही, खर्चापुरता भत्ता मिळतो. पदवीचे क्रेडिटही नाहीत, पण पुढे तिथे नर्सिंगसारखं शिक्षण घ्यायचं असेल तर अनुभव मोलाचा ठरतो. जर्मन चांगलं यायला हवं. काळा घोड्याच्या मॅक्समुल्लर भवनात वर्ग असतात, ठाण्याहून सीएसएमटी लोकलने जाता येतं. संस्थेशी करार झाल्यावरच व्हिसाचा अर्ज करायचा. करार न दाखवता पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. पासपोर्टचं काम वागळे इस्टेटच्या केंद्रात होतं, पोलिस क्लिअरन्सचा अर्जही पासपोर्ट सेवेवरूनच करायचा. विद्यापीठाच्या ट्रान्स्क्रिप्टला (गुणांच्या अधिकृत उताऱ्याला) वेळ लागतो, त्याचा अर्ज आधी टाका. दोन शिफारसपत्रांपैकी एक प्राध्यापकांचं आणि दुसरं वस्तीत तुमचं काम रोज पाहणाऱ्या ताईंचं घ्या. त्यांना इंग्रजीत लिहायचा संकोच वाटत असेल तर मराठीत लिहून घ्या, सही-शिक्क्यासह अधिकृत भाषांतर जोडा. शेवटच्या तारखेच्या दोन महिने आधी मागा, आणि मागायला जाताना ती वही सोबत न्या, म्हणजे त्यांना नेमके प्रसंग लिहिता येतील.