रास्पबेरी पायवर डॉटनेटमधून सी लायब्ररी कॉल करताना या चुका टाळा

लॅपटॉपवर प्रोग्रॅम नीट चालतो, रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटर बोर्डवर टाकला की ‘डीएलएलनॉटफाउंडएक्सेप्शन’ ही एरर. फाइल तर तिथेच असते! या एररचा अर्थ एवढाच, की लोडरला (लायब्ररी मेमरीत आणणाऱ्या भागाला) लायब्ररी उघडता आली नाही. म्हणून फाइल इकडून तिकडे कॉपी करत बसू नका.

आधी आर्किटेक्चर, म्हणजे लायब्ररी कोणत्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी बनवली आहे, ते बघा. .एसओ फाइलवर (लिनक्सवरची लायब्ररी फाइल) ‘फाइल’ कमांड चालवा आणि ‘डॉटनेट --इन्फो’मधल्या आरआयडीशी (प्लॅटफॉर्मच्या नावाशी) ताडून पाहा: लिनक्स-आर्म की लिनक्स-आर्म६४? ‘यूनेम -एम’वर विसंबू नका. पाय ४ वर ३२ बिट ओएसखालीही ६४ बिट कर्नल असू शकतो. ‘गेटकॉन्फ लाँग_बिट’ खरं काय ते सांगतं.

आर्किटेक्चर जुळलं तर ‘एलडीडी’ चालवा; लायब्ररीला आणखी कोणत्या लायब्ररी लागतात ते ती कमांड दाखवते. ‘नॉट फाउंड’ दिसलं तर हरवलेली लायब्ररी तुमची नाही, तुमची लायब्ररी जिच्यावर अवलंबून आहे ती आहे.

तिसरी गफलत नावाची. उदाहरणार्थ, बोर्डच्या पिना हाताळणारी लिबजीपीआयओडी घ्या. नुसतं लिबजीपीआयओडी.एसओ हे नाव डेव्ह (डेव्हलपमेंट) पॅकेजमधून येतं. बोर्डवर बहुधा फक्त आकडा असलेली फाइल असते, जसं लिबजीपीआयओडी.एसओ.२. डीएलएलइम्पोर्टमध्ये (सी शार्पमध्ये लायब्ररीचं नाव लिहायची जागा) आकड्यासकट पूर्ण नाव द्या. एसओ.२ हवी असताना एसओ.३ सापडली म्हणून तिची सिमलिंक (दुसऱ्या नावाने जोडणारा दुवा) जोडू नका, तिचं एपीआय, म्हणजे फंक्शनांची रचना, वेगळं आहे.

लायब्ररी उघडते पण फंक्शन सापडत नाही? ‘एनएम -डी’ने नावं बघा. सी++चं चमत्कारिक नाव दिसलं तर लायब्ररीच्या कोडमध्ये एक्सटर्न "सी" लिहायचं राहिलंय.

खरा ताप मुकाट्याने चुकणाऱ्या टाइप्सचा. सीचा लाँग ३२ बिट आर्मवर ४ बाइट, ६४ बिटवर ८. सी शार्पचा मात्र कायम ८. डॉटनेट ६ पासूनचा सीलाँग वापरा. सीचा बूल १ बाइटचा, पण मार्शलिंग (डॉटनेट आणि सी यांच्यातलं डेटाचं रूपांतर) डीफॉल्टने ४ बाइट धरतं. तिथे अनमॅनेज्डटाइप.आय१ लिहा, रिटर्न व्हॅल्यूवरसुद्धा.

फंक्शन कॅरॅक्टर पॉइंटर (char*, म्हणजे सीच्या मजकुराचा पत्ता) परत देत असेल तर रिटर्न टाइप स्ट्रिंग ठेवू नका. रनटाइम मजकूर कॉपी करून मूळ मेमरी फ्री करतो; ती लायब्ररीची स्टॅटिक मेमरी असेल तर प्रोसेस कोसळते. रिटर्न टाइप इंटपीटीआर (नुसता पत्ता) घ्या, मग मार्शल.पीटीआरटूस्ट्रिंगयूटीएफ८ने मजकूर काढा.

कॉलबॅकचा (सी लायब्ररी उलट बोलावते त्या मेथडचा) डेलिगेट, म्हणजे मेथडकडे बोट दाखवणारा ऑब्जेक्ट, स्टॅटिक फील्डमध्ये धरून ठेवा. मेथडचं नाव थेट दिलं तर तात्पुरता डेलिगेट तयार होऊ शकतो आणि जीसी (न वापरलेली मेमरी साफ करणारा गार्बेज कलेक्टर) तो कधीतरी उचलतो, म्हणून क्रॅश लगेच येत नाही. चाचणीत जीसी.कलेक्ट मुद्दाम वारंवार चालवलं की तो लवकर उघडा पडतो. कॉलबॅकमधलं एक्सेप्शनही आतच पकडा आणि एरर कोड परत द्या. लिनक्सवर ते सीच्या फ्रेममधून बाहेर पडू पाहिलं तर प्रोसेसच बंद पडते.