साताऱ्याच्या डोंगरवाटांचे नकाशे विंडोज, मॅक किंवा लिनक्सवरून जीपीएस उपकरणात कसे भरावेत

कास पठारापलीकडे बामणोलीकडे उतरताना किंवा कोयनेच्या जंगलात मोबाइलच्या रेंजवर भरवसा ठेवता येत नाही, त्यामुळे भटकंती करणारे अनेकजण गार्मिनसारखे हातात धरण्याचे जीपीएस उपकरण जवळ ठेवतात. अडचण येते ती घरी, नकाशा भरताना; कारण एकाच घरात एक संगणक विंडोजचा, दुसरा मॅक आणि तिसरा लिनक्सचा असू शकतो आणि प्रत्येकासाठी वेगळी फाइल पुढे केली जाते. यातून सुटण्याचा सोपा मार्ग असा की, संगणकाला केवळ निरोप्या मानावे आणि जी फाइल उपकरण स्वतः वाचते, तीच थेट मेमरी कार्डावर ठेवावी.

प्रथम योग्य फाइल निवडावी. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला, स्वयंसेवकांनी उभा केलेला खुला नकाशा आहे आणि त्याच्या माहितीवरून गार्मिनसाठी तयार केलेले नकाशे मोफत मिळतात. एकाच नकाशाचे तेथे बहुधा तीन प्रकार दिसतात: विंडोजवर चालवायचा इन्स्टॉलर, मॅकसाठीचे पॅकेज आणि उपकरणासाठीची ‘जीमॅपसप’ नावाची, आयएमजी प्रकारची एकच फाइल. पहिले दोन संगणकावर नकाशा पाहण्यासाठी आहेत, तर तिसरी कोणत्याही संगणकावरून कार्डावर जाऊ शकते. तीच घ्यावी. ती झिपमध्ये आली असल्यास आधी उलगडावी आणि तिचे मूळ इंग्रजी नाव बदलू नये, कारण जुनी उपकरणे फक्त त्याच नावाची फाइल शोधतात. नकाशा स्वतः तयार करायचा असल्यास ओपनस्ट्रीटमॅपची माहिती विभागवार देणाऱ्या जिओफॅब्रिक या संकेतस्थळावरून भारताच्या पश्चिम विभागाची माहिती उतरवून एमकेजीमॅप या प्रोग्रॅमने तो बनवता येतो. हा प्रोग्रॅम जावावर चालत असल्याने तिन्ही प्रणालींवर सारखाच चालतो. मात्र गावांची नावे इंग्रजीत येतील असा पर्याय ठेवावा, कारण अनेक उपकरणांत देवनागरी अक्षरे नसतात आणि नावांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात.

आता कार्ड. ते फॅट३२ या, फायली साठवण्याच्या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेले असावे. मोठी कार्डे बहुधा एक्सफॅट या नव्या पद्धतीत येतात आणि जुनी उपकरणे ती ओळखत नाहीत. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीपेक्षा मोठ्या कार्डासाठी फॅट३२चा पर्याय बहुतेक वेळा दिसत नाही, म्हणून ८ ते ३२ जीबीचे कार्ड वापरणे सर्वांत कमी कटकटीचे ठरते. मॅकवर डिस्क युटिलिटीत ‘एमएस-डॉस फॅट’ निवडावे. फॅट३२मध्ये एकच फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही, त्यामुळे संपूर्ण भारताचा भारी नकाशा घेण्यापेक्षा महाराष्ट्रापुरता नकाशा घेतलेला बरा. कार्डावर इंग्रजीत ‘गार्मिन’ नावाचा फोल्डर करून नकाशाची फाइल त्यात ठेवावी आणि कार्ड ‘इजेक्ट’ केल्यावरच बाहेर काढावे.

मॅक वापरणाऱ्यांनी येथे थोडे थांबावे. मॅक अशा कार्डावर ठिपक्याने सुरू होणाऱ्या लपलेल्या फायली ठेवून जातो, शिवाय पुसलेला जुना नकाशा कचरापेटी रिकामी करेपर्यंत कार्डावरची जागा अडवून बसतो. कार्ड भरल्याची तक्रार उपकरणाने केली, तर नवे कार्ड आणण्यापूर्वी कचरापेटी रिकामी करून पाहावी.

उपकरण थेट केबलने जोडायचे असेल, तर आणखी एक भेद लक्षात घ्यावा लागतो. जुनी उपकरणे पेनड्राइव्हप्रमाणे दिसतात आणि तिन्ही प्रणालींवर उघडतात. बरीच नवी उपकरणे व घड्याळे मात्र पेनड्राइव्हसारखी न दिसता एमटीपी या, फायली देण्याघेण्याच्या वेगळ्या पद्धतीने संगणकाशी बोलतात. ती विंडोजवर आणि बहुतेक लिनक्सवर आपोआप उघडतात, पण मॅकला त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लागतो. उपकरणात कार्डाची खाच असेल, तर कार्ड रीडर वापरून हा सगळा प्रश्न टाळता येतो, आणि माझ्या मते केबल चालत असली तरी तेच करावे.

संगणकावर मार्ग आखण्यासाठी गार्मिनचा बेसकॅम्प हा प्रोग्रॅम विंडोज आणि मॅकपुरताच आहे. घरात लिनक्स असेल, तर तिन्हींवर चालणारा क्यूमॅपशॅक घ्यावा, त्याच्या ‘फाइल’ मेनूतून नकाशे ठेवलेला फोल्डर दाखवावा आणि यादीतील नकाशा सुरू करावा. कुलूपबंद विकत घेतलेले नकाशे मात्र त्यात उघडणार नाहीत. आखलेला मार्ग नेहमी जीपीएक्स या फाइल-प्रकारात जतन करावा, कारण ती साधी मजकुराची फाइल असल्याने सर्वत्र वाचली जाते.

शेवटी उपकरणाच्या नकाशा-सेटिंगमध्ये नवा नकाशा सुरू करून मूळचे नकाशे बंद करावेत, अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजले जातात ती संदर्भप्रणाली (डेटम) डब्ल्यूजीएस ८४ ठेवावी आणि पोवई नाक्यासारख्या ओळखीच्या ठिकाणी उभे राहून स्वतःची खूण रस्त्यावरच पडते का ते पाहावे. आकडे हाताने भरताना अंश-मिनिटे आणि दशांश यांची गल्लत करू नये: सातारा सुमारे १७ अंश ४१ मिनिटांवर आहे, म्हणजेच १७.६८ अंशांवर, ते १७.४१ असे भरले, तर खूण सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेला, उंब्रजच्या अक्षांशावर जाऊन बसते. वासोटा किल्ल्याचा मार्ग मागितल्यावर उपकरणाने भलताच वळसा सुचवला, तर तो नकाशा भरण्यातला दोष मानू नये. तेथे बामणोलीहून लाँचने जलाशय ओलांडून जातात आणि वनखात्याची परवानगीही लागते, जी कोणत्याही नकाशात नसते. खुल्या नकाशात सतत भर पडत असल्याने पावसाळा संपला की नवी फाइल उतरवून घ्यावी, पण जुनी संगणकावर राखून ठेवावी, म्हणजे नव्या फाइलीत बिघाड निघाल्यास लगेच मागे जाता येते.