नवी चेन किंवा नवी कॅसेट टाकली, तरी गियर नीट पडत नाहीत? आधी स्क्रूला हात लावू नका

पार्ट बदलून घेतले, पैसे गेले आणि आता गियर आधीपेक्षा वाईट पडतायत, ही तक्रार आपल्याकडे कोकणात सायकलवाल्यांच्या तोंडी कायम असते. मग बहुतेक जण स्क्रूड्रायव्हर घेऊन मागच्या डिरेलरवरचे (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) एच आणि एल लिहिलेले दोन स्क्रू पिळत बसतात. अहो, ते स्क्रू गियर जुळवायला नसतातच! ते म्हणजे दोन टोकांचे गडगे, चेन एकीकडे स्पोकमध्ये आणि दुसरीकडे फ्रेममध्ये जाऊ नये एवढंच त्यांचं काम, मधल्या गियरशी त्यांना काही देणंघेणं नाही.

आधी बघा की त्रास नक्की कधी होतो. स्टँडवर गियर मस्त पडतात पण आरे-वारेच्या चढाला जोर लावला की चेन कटकन उडते, आणि तीसुद्धा कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या गठ्ठ्याच्या, नेहमीच्या वापरातल्या दोन-तीन चकत्यांवरच, तर ट्यूनिंगचा संबंध नाही, जुन्या कॅसेटवर नवी चेन टाकलेली आहे आणि दाते खलास झालेत. जुनी चेन फेकली नसेल तर पट्टी लावून मोजा, पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत १२ कड्या (आतली आणि बाहेरची मिळून एक कडी) म्हणजे बरोबर १२ इंच यायला पाहिजे. १/१६ इंच वाढली असेल तर चेन बदलायची वेळ आलेलीच होती, १/८ इंच वाढली असेल तर ती बहुतेक कॅसेटला पण घेऊन गेलीय. आपला सागरी मार्ग म्हणजे खाडी ओलांडली की सड्यावर चढा, सडा संपला की परत खाडीला उतरा, त्यात जांभ्याची लाल धूळ तेलात मिसळून चेनवर पॉलिश पेपरसारखी घासते, त्यामुळे इथे चेन जरा लवकरच मोजत जा.

आता उलट केस, म्हणजे स्टँडवर सुद्धा घरघर आणि गियर मध्येच अडकतायत. पहिल्यांदा डिरेलरच्या केजमध्ये, म्हणजे खाली लोंबणाऱ्या चौकटीत, डोकं घालून बघा, तिथल्या दोन छोट्या चाकांच्या मध्ये एक पत्र्याची जीभ असते, चेन तिच्या चुकीच्या बाजूने ओवली गेली की ती घासत राहते, पण सायकल चालते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मग कॅसेट हाताने हलवून बघा. लॉकरिंग (कॅसेट आवळणारी रिंग) घट्ट असून पण ती डुगडुगत असेल तर मागे स्पेसर, म्हणजे पातळ रिंग, घालायचा राहिलाय, उदाहरणार्थ ११ स्पीडच्या (मागे ११ चकत्यांच्या) रोड सायकलच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, शिमानोची १० स्पीड कॅसेट बसवायची तर १.८५ मिमीचा स्पेसर लागतो, आणि बऱ्याच १० स्पीड रोड कॅसेटना त्यासोबत १ मिमीचा अजून एक.

कुरियरने पार्ट मागवणाऱ्यांची अजून एक भानगड म्हणजे जोड्याच जुळत नाहीत. ८ स्पीडमध्ये दोन चकत्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर ४.८ मिमी, ९ स्पीडमध्ये ४.३५, त्यामुळे ८ चा शिफ्टर (हँडलवरचा गियर बदलायचा खटका) आणि ९ ची कॅसेट असेल तर एक गियर जुळला की दुसरा बिघडणार. शिमानोचा एमटीबीचा (माउंटन बाईकचा) १० स्पीड डिरेलर ९ स्पीड शिफ्टरला लावला तरी तेच, कारण तेवढीच वायर ओढली तरी तो डिरेलर वेगळं अंतर सरकतो. इथे कितीही पिळापिळी करा, पार्ट परत पाठवण्याशिवाय इलाज नाही.

पण कोकणात माझा पहिला संशय कायम वायरवर असतो. खारी हवा आणि चार महिने पाऊस, बाहेरून आउटर, म्हणजे वायरवरची नळी, चकाचक दिसतो आणि आतून गंजून गेलेला असतो, लोक नवीन डिरेलर टाकतात आणि वायर जुनीच ठेवतात, मग काय होणार. डिरेलरचा नट सैल करून वायर मोकळी करा, एका हाताने टोक हलकं ताणून धरा आणि दुसऱ्या हाताने शिफ्टर चालवा, वायर लोण्यासारखी सरकली पाहिजे, कुठे खरखरली तर इनर (आतली वायर) आणि आउटर दोन्ही बदला. आणि गियरचा आउटरच मागा, साधारण ४ मिमीचा, आत सरळ तारा असलेला. ब्रेकचा ५ मिमीचा आउटर आत स्प्रिंगसारखा गुंडाळलेला असतो, तो दाबला जातो आणि इंडेक्सिंग, म्हणजे एका क्लिकला एक गियर, कधीच बसत नाही. दुकानात जो हाताला लागेल तो कापून देतात म्हणून हे सांगतोय. कापलेलं टोक सपाट पाहिजे, त्यावर टोपी पाहिजे.

हँगर, म्हणजे डिरेलर ज्यावर फ्रेमला अडकतो तो धातूचा तुकडा, तो पण बघाच. सायकल एसटीच्या टपावरून आली, किंवा दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गियरच्या बाजूने आडवी पडली, की हँगर वाकतो. मागून बघा, डिरेलरची दोन चाकं आणि वरची चकती एका रेषेत दिसायला हवीत. थोडा वाकडा असेल तरी गेज असलेल्या मेकॅनिककडे जा, हाताने वाकवायला गेलात तर तुटेल.

एवढं सगळं ठीक निघालं तर मग ट्यूनिंग. चेन सगळ्यात छोट्या चकतीवर आणा, बॅरल (वायर डिरेलरमध्ये शिरते तिथला ताण बदलायचा फिरता स्क्रू) पूर्ण आत फिरवून दोन फेऱ्या बाहेर काढा, वायर हाताने ताणून नटाखालच्या खाचेतच पकडा, खाचेच्या बाहेर पकडली तर ओढ बदलते. आता एक क्लिक. चेन मोठ्या चकतीवर चढायला आळस करत असेल तर बॅरल बाहेर येईल असा पाव फेरी फिरवा, उतरताना आळस करत असेल तर आत. पाव पाव फेरीच, घाई नको. शेवटी सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन आणून बी स्क्रू (डिरेलर चकत्यांपासून किती लांब राहील ते ठरवणारा स्क्रू) बघा, वरचं छोटं चाक आणि दात्यांमध्ये साधारण ५-६ मिमी अंतर बऱ्याच डिरेलरना चालतं, पण खूप मोठी कॅसेट असेल तर कंपनीने दिलेला आकडा घ्या.

नवीन वायर पहिल्या काही राईडमध्ये बसते आणि सैल पडते, मग गियर चढायला परत कुरकुर करतात. तेव्हा घाबरून काही उघडू नका, बॅरल पाव फेरी बाहेर, बास.