टोफेल आयटीपीची तयारी: व्याकरण, श्रवण आणि वाचनातील या चुका टाळा

टोफेल ही इंग्रजी भाषेची परीक्षा. तिचे नाव घेतले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर संगणकावर होणारी आयबीटी परीक्षा येते, जिच्यात बोलण्याची आणि लिहिण्याचीही चाचणी असते. ईटीएस या अमेरिकी संस्थेची टोफेल आयटीपी ही तिची धाकटी बहीण मात्र मुख्यतः तीनच गोष्टी तपासते: ऐकून समजणे, वाक्यरचना आणि वाचून समजणे. ही परीक्षा विद्यापीठे आणि संस्था आपल्या विद्यार्थ्यांची पातळी ठरवण्यासाठी, विद्यार्थी देवाणघेवाणीसाठी किंवा भाषावर्गात योग्य गटात बसवण्यासाठी घेतात, आणि उमेदवाराची नोंदणी संस्थेमार्फत होते. अमेरिकेतील पदवी प्रवेशासाठी बहुतेक विद्यापीठे आयबीटी मागतात. म्हणून गुणपत्रक जिथे द्यायचे आहे तिथे आयटीपी चालते का, हे आधी लेखी विचारून घ्यावे. हे न विचारता दोन महिने भलत्याच परीक्षेची तयारी करणारे दरवर्षी भेटतात.

परीक्षेच्या लेव्हल 1 मध्ये, म्हणजे तिच्या वरच्या पातळीत, श्रवणाचे 50 प्रश्न 35 मिनिटांत, वाक्यरचनेचे 40 प्रश्न 25 मिनिटांत आणि वाचनाचे 50 प्रश्न 55 मिनिटांत सोडवायचे असतात. पहिल्या दोन विभागांचे रूपांतरित गुण (बरोबर उत्तरांच्या संख्येवरून ठरवलेले) 31 ते 68 आणि वाचनाचे 31 ते 67 या पट्टीवर येतात. तिन्हींची बेरीज करून दहाने गुणायचे आणि तीनाने भागायचे, की एकूण गुण निघतात. उदाहरणार्थ 52, 48 आणि 54 यांची बेरीज 154, म्हणजे एकूण 513. या हिशेबातून एक गोष्ट निघते जी विद्यार्थी सहसा ध्यानात घेत नाहीत. सर्वांत कमी वेळाच्या आणि सर्वांत कमी प्रश्नांच्या व्याकरण विभागाचे वजन इतर दोन विभागांइतकेच आहे, त्यामुळे तिथला एकेक प्रश्न अधिक मोलाचा ठरतो. तरीही ‘व्याकरण शाळेपासून झालेच आहे’ असे म्हणून नेमका हाच विभाग शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो.

व्याकरण: कानावर विसंबू नका

या विभागात दोन प्रकारचे प्रश्न असतात. पहिल्या 15 प्रश्नांत वाक्यातील रिकामी जागा चारपैकी एका पर्यायाने भरायची असते. उरलेल्या 25 प्रश्नांत वाक्यातील चार भाग अधोरेखित असतात आणि त्यांतला चुकीचा तेवढा ओळखायचा असतो. दोन्हीकडे मराठी विद्यार्थ्याची सर्वांत मोठी चूक एकच: वाक्य मनात म्हणून पाहायचे आणि कानाला बरे वाटले की ते बरोबर मानायचे. आपला कान ज्या इंग्रजीवर घडला आहे, त्या इंग्रजीत ‘डिस्कस अबाउट’, ‘रिटर्न बॅक’, ‘सिन्स टू इयर्स’ हे सगळे राजरोस चालते. कार्यालयात त्यामुळे कुणाचे अडत नाही, पण परीक्षेतील चुकीचे पर्याय कानाला गोड लागतील असेच बेतलेले असतात.

या चुका यादृच्छिक नसतात. त्यांतील बऱ्याचशा मराठी वाक्याच्या घडणीतून येतात, आणि घडण ओळखली की चूक पकडणे सोपे जाते. मराठी जोडवाक्याला दोन टोके लागतात. ‘जो मुलगा काल आला तो माझा भाचा’, ‘जरी पाऊस पडला तरी सामना झाला’, ‘जेव्हा गाडी सुटली तेव्हा मी फलाटावर होतो’: यांतले दुसरे टोक काढले तर आपल्याला वाक्य लंगडे वाटते. इंग्रजीला मात्र एकच टोक पुरते. म्हणूनच ‘ऑलदो इट रेन्ड, बट द मॅच वॉज प्लेड’ या वाक्यातला जादा ‘बट’ आपल्याला खटकत नाही. खालील प्रश्न पाहावा:

‘द लिव्हर, विच इज अ लार्ज इंटर्नल ऑर्गन, ____ मेनी व्हायटल फंक्शन्स.’

पर्याय असे: ‘इट परफॉर्म्स’, ‘परफॉर्म्स’, ‘परफॉर्मिंग’, ‘विच परफॉर्म्स’. मराठीत आपण ‘यकृत, जे मोठा अवयव आहे, ते अनेक कामे करते’ असे म्हणतो, त्यामुळे हात आपसूक ‘इट परफॉर्म्स’कडे जातो. पण इथे कर्ता ‘द लिव्हर’ आधीच बसलेला आहे आणि दोन स्वल्पविरामांमधला मजकूर झाकून वाचला तर वाक्याला फक्त क्रियापद हवे आहे, हे लख्ख दिसते. उत्तर ‘परफॉर्म्स’. पहिल्या 15 प्रश्नांसाठी हीच सवय लावावी: आधी मुख्य कर्ता शोधावा, मग मुख्य क्रियापद, आणि दोन्हींपैकी काय गहाळ आहे किंवा काय दोनदा आले आहे ते पाहावे. अर्थ कळला नाही तरी चालतो. तिथे दिलेल्या वाक्याचा विषय भूगर्भशास्त्र असो की अमेरिकेचा इतिहास, त्याचे ज्ञान कुणी विचारत नाही.

दुसरा सापळा भूतकाळी रूपाचा आहे. मराठीत ‘पत्रे लिहिली’ आणि ‘लिहिलेली पत्रे’ यांत घोटाळा होणे शक्य नाही, कारण रूपे वेगळी आहेत. इंग्रजीत ‘डेव्हलप्ड’ हे एकच रूप ‘विकसित केली’ आणि ‘विकसित केलेली’ ही दोन्ही कामे करते. ‘द मेथड डेव्हलप्ड इन द 1950s’ इतके वाचून ‘डेव्हलप्ड’ हेच मुख्य क्रियापद असे ठरवले, की पुढे खरे क्रियापद हवे असलेली जागा चुकीची भरली जाते. अशा वेळी त्या रूपाच्या जागी मनात ‘केलेली’ घालून पाहावे. अर्थ बसला तर मुख्य क्रियापद अजून यायचे आहे.

तिसरी चूक कर्ता आणि क्रियापदाच्या वचनाची. ‘या बाजारात विकल्या जाणाऱ्या आंब्यांचा दर्जा चांगला आहे’ या वाक्यात ‘दर्जा’ क्रियापदाच्या जवळ येतो आणि चूक होत नाही. इंग्रजीत क्रम उलटतो: ‘द क्वालिटी ऑफ द मँगोज सोल्ड इन धिस मार्केट’ इथे क्रियापदाजवळ बाजार आणि आंबे येतात, ‘क्वालिटी’ मात्र दूर सुरुवातीला राहते. मग ‘आर’ लिहिलेले दिसले तरी ते अधोरेखित ‘आर’ चुकीचे आहे हे सुचत नाही. ‘ऑफ’पासून क्रियापदापर्यंतचा मजकूर पेन्सिलीच्या टोकाने झाकून पाहण्याचा सराव घरी केला, तर परीक्षेत डोळाच तो झाकतो.

आर्टिकलचे (‘अ’, ‘ॲन’, ‘द’) दुखणे सर्वांना ठाऊक आहे, कारण मराठीत ते नाहीच. ‘गाय उपयुक्त प्राणी आहे’ याचे थेट रूप ‘काऊ इज युजफुल ॲनिमल’ होते आणि दोन जागा रिकाम्या राहतात. सगळे नियम पाठ करण्यापेक्षा एक तपासणी पुरेशी उपयोगी पडते: मोजता येणारे एकवचनी नाम सहसा एकटे उभे राहत नाही, त्याच्या आधी ‘अ’, ‘द’, ‘धिस’ किंवा ‘इट्स’ असे काहीतरी हवे. उलट ‘इन्फर्मेशन’, ‘इक्विपमेंट’, ‘रिसर्च’, ‘एव्हिडन्स’ यांना ‘एस’ लागलेला दिसला की तोच पर्याय काळा करावा. ‘पासून’ या एका शब्दाने आपण कालावधी आणि आरंभ दोन्ही दाखवतो. इंग्रजीत दोन वर्षांसाठी ‘फॉर’ आणि 2019 साठी ‘सिन्स’ लागतो, आणि क्रियापदही ‘हॅव’ किंवा ‘हॅज’सह येते.

बाजारात मिळणाऱ्या ‘हमखास साठ नियम’ अशा झेरॉक्सबद्दल एक शब्द: नियम चुकीचे नसतात, पण ते पाठ असणारा विद्यार्थी 25 मिनिटांत चाळीस वाक्यांवर ते साठही लावून पाहू शकत नाही. एका प्रश्नाला सरासरी 37 सेकंद मिळतात. आपल्याकडून वारंवार होणारे सहा-सात प्रकार ओळखून तेवढेच आधी तपासणे शहाणपणाचे.

चूक ओळखण्याच्या प्रश्नांत आणखी एक वेळखाऊ सवय दिसते, ती म्हणजे संपूर्ण वाक्य मनात दुरुस्त करून नव्याने रचणे. दुरुस्ती कुणी मागितलेली नाही. जो भाग अधोरेखित नाही तो बरोबर आहे असे धरून त्याच्या आधाराने उरलेले चार भाग तपासायचे असतात.

श्रवण: ऐकलेला शब्द दिसला की सावध व्हा

ध्वनिफीत एकदाच वाजते, प्रश्न छापलेला नसतो, फक्त चार पर्याय समोर असतात आणि पुढच्या प्रश्नापर्यंत जेमतेम दहा-बारा सेकंद मिळतात. पहिल्या 30 छोट्या संवादांत नेहमीची चूक अशी, की कानावर पडलेला शब्द ज्या पर्यायात दिसेल तो निवडायचा. इथे बरोबर उत्तर बहुधा वेगळ्या शब्दांत सांगितलेले असते, आणि ऐकल्यासारखे वाटणारे शब्द चुकीच्या पर्यायांत पेरलेले असतात. संवादात ‘लेक्चर’ ऐकू आले आणि पर्यायात ‘लेदर’ दिसले, तर ते आमिष समजावे.

संवादातला दुसऱ्याचा शेवटचा उद्गार सर्वांत महत्त्वाचा असतो, आणि त्यात व्याकरण दडलेले असते. ‘आय हॅड माय कार फिक्स्ड’ म्हणजे गाडी दुरुस्त करवून घेतली. स्वतः केली नाही. मराठीत ‘करणे’ आणि ‘करवून घेणे’ हा भेद असल्यामुळे कल्पना आपल्याला नवी नाही, फक्त तिचा इंग्रजी सांगाडा कानाला ओळखीचा करून घ्यावा लागतो. ‘आय वुड हॅव कॉल्ड’ म्हणजे फोन केला नाही. ‘आय कुडन्ट अग्री मोअर’ यात नकार ऐकू येतो, पण अर्थ पूर्ण सहमतीचा असतो. अशी वाक्ये वहीत लिहून त्यांच्यापुढे ‘काय घडले’ आणि ‘काय घडले नाही’ एवढेच मराठीत नोंदवावे. परीक्षेत विचारतात तेही बहुधा तेवढेच.

उच्चारांत अमेरिकी ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ हा जोड सर्वाधिक फसवतो. शेवटचा ‘ट’ बहुधा गिळला जातो, त्यामुळे तो ऐकण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. होकारातला ‘कॅन’ घाईने ‘कन’ असा दबून येतो, तर नकारातला स्वर स्पष्ट आणि ठसठशीत असतो. फरक स्वरात शोधावा. ‘वॉटर’मधला ‘ट’ अमेरिकी तोंडी ‘ड’सारखा होतो, आणि ‘व्ही’ व ‘डब्ल्यू’ या दोन ध्वनींना आपण एकच ‘व’ लावतो, हेही सरावात लक्षात ठेवावे. संवादांनंतर येणाऱ्या लांब व्याख्यानांत टिपणे काढण्याची मुभा नसते, म्हणून घरच्या सरावातही वही बाजूला ठेवूनच ऐकावे.

वाचन: ज्ञान बाहेर ठेवा

वाचनात साधारण पाच उतारे येतात, म्हणजे एका उताऱ्याला प्रश्नांसह 11 मिनिटे. पहिला उतारा ओळ न ओळ मराठीत उतरवत वाचणाऱ्याची शेवटच्या उताऱ्यात दमछाक होते. पहिल्या वाचनात प्रत्येक परिच्छेद कशाबद्दल आहे एवढे टिपून थेट प्रश्नांकडे जावे. शब्दार्थाच्या प्रश्नात तो शब्द शब्दकोशात काय आहे यापेक्षा त्या ओळीत कोणता पर्याय बसतो ते पाहावे. ओळीचा क्रमांक दिलेलाच असतो. विज्ञान शाखेचे विद्यार्थी जीवशास्त्राच्या उताऱ्यात अधिक चुकतात, असे वर्गात अनेकदा दिसते, कारण ते उताऱ्याऐवजी पाठ्यपुस्तकातले उत्तर देतात. आणि ‘एक्सेप्ट’ किंवा ‘नॉट’ हा शब्द प्रश्नात असेल तर त्याला मनातल्या मनात गोल करावा, कारण अशा प्रश्नात तीन पर्याय बरोबर असतात आणि घाईत पहिलाच बरोबर पर्याय काळा केला जातो.

सराव करूनही गुण हलत नसतील तर

एकामागून एक सरावपत्रिका सोडवत राहणे हा उपाय नव्हे. आधी दुखणे कुठे आहे ते शोधावे. चुकलेले व्याकरणाचे प्रश्न दुसऱ्या दिवशी घड्याळ न लावता सोडवून पाहावेत. तेव्हा बरोबर येत असतील तर कमतरता वेगाची आहे. तरीही चुकत असतील तर तो नियम पुन्हा शिकायला हवा. श्रवणात चुकलेल्या संवादाची संहिता वाचावी. वाचून लगेच कळला तर कान तयार करायचा आहे, आणि त्यासाठी तोच संवाद संहिता समोर ठेवून पुन्हा पुन्हा ऐकणे व बोलणाऱ्याच्या पाठोपाठ म्हणणे उपयोगी पडते. वाचूनही कळला नाही, तर शंभरदा ऐकून काही साधणार नाही, कारण अडचण शब्दांची किंवा रचनेची आहे.

चुकांची वही करावी, पण तिच्यात प्रश्न उतरवू नयेत. ‘जादा कर्ता’, ‘दूरचा कर्ता’, ‘आर्टिकल नाही’, ‘सारखा आवाज’ असे त्या चुकीला दिलेले नाव लिहावे आणि शेजारी फक्त खूण करावी. दोन-तीन पत्रिकांनंतर कोणत्या नावापुढे खुणांची गर्दी झाली आहे ते आपोआप दिसते आणि पुढच्या आठवड्याचा अभ्यास ठरतो.

परीक्षेच्या दिवशी विभाग बदलला की मागे जाता येत नाही, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. म्हणून प्रत्येक विभागाच्या शेवटच्या मिनिटात उरलेली सर्व वर्तुळे एकाच अक्षराने भरून टाकावीत. कागदी परीक्षेत एखादा प्रश्न सोडून पुढे गेल्यास उत्तरपत्रिकेवरची तीच ओळही सोडली आहे ना, हे दर दहा प्रश्नांनी पाहावे.