जुन्या गाडीचे मागचे ड्रम ब्रेक: लायनर बदलताना

ठाण्याच्या पावसात महिनाभर उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीचा ड्रम गंजून सहज निघत नाही. पुढच्या चाकांना दगड लावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडा, मागची बाजू उचलून स्टँडवर टेकवा, नुसत्या जॅकवर ठेवू नका. मारुतीच्या बऱ्याच ड्रमवर आठ एमएमच्या आट्यांची दोन भोकं असतात. त्यांत बोल्ट आलटून पालटून आवळले की ड्रम सुटतो. हातोड्याने कडेवर ठोकू नका, बीड (ओतीव लोखंड) तडकतं.

आतली धूळ फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. पाण्याने भिजवून पुसा. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे स्प्रिंगा कुठे बसतात ते दुसऱ्या बाजूला पाहता येतं. आता व्हील सिलिंडरचं (ब्रेक ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर दाबणारा भाग) रबर उचला. आत ओल दिसली तर सिलिंडर बदलाच, नाहीतर नवे लायनर तेलात भिजून वाया जातील आणि ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढेल. लायनर नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदला. ड्रमचा कमाल व्यास बहुधा ड्रमवरच कोरलेला असतो. त्यापुढे झिजला असेल तर लेथवर नेण्यात अर्थ नाही.

सिलिंडर बदलला तर ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढणं आलंच. ब्रेक ऑइल त्याच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच, सीलबंद डब्यातलं घ्या. ते हवेतली ओल शोषतं.